संगमरवर आपल्या भागात कसा आला

आपल्या ट्रस्टच्या नव्या सभागृहास कोणती फरशी घालावी, हा विषय सध्या सभासद मंडळींत चर्चिला जात आहे. काहींचे म्हणणे असे की, सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एकदाच खर्च होतो आहे तर तो संगमरवरावरच व्हावा. काही वडीलधारी मंडळी म्हणतात की, शहाबादीवर आपल्या दोन पिढ्यांच्या पंक्ती उठल्या, तीच पुरे. मतभेद असणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या दगडाविषयी आपण बोलतो तो मुळात आहे काय, तो निघतो कोठे आणि निपाणी-बेळगावपर्यंत पोहोचतो कसा, याची थोडी माहिती असल्यास चर्चा अधिक डोळस होईल, असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

संगमरवर हा शब्द फारसीतून आला. ‘संग’ म्हणजे दगड आणि ‘मरमर’ हे या दगडाचे नाव. ते मूळ ग्रीक. आपल्या सीमाभागात कानडी बोलणारे शेजारी त्यालाच अमृतशिला म्हणतात, आणि मला तर तेच नाव अधिक गोड वाटते. शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर संगमरवर हा चुनखडीचा पुनर्जन्म होय. प्राचीन समुद्रांच्या तळाशी साचलेली चुनखडी भूगर्भात खोल दडपली जाते. तेथील प्रचंड उष्णतेने व दाबाने तिचे कण वितळत नाहीत, परंतु नव्याने स्फटिकरूप घेऊन एकमेकांत घट्ट गुंततात. प्रकाश या स्फटिकांत किंचित आत शिरून परततो, म्हणून चांगल्या संगमरवराला ती आतून आल्यासारखी झळाळी असते. चुनखडी शुद्ध असेल तर दगड पांढरा शुभ्र होतो. तिच्यात चिकणमाती, लोह किंवा कोळशाचा अंश असेल तर करड्या, पिवळ्या, गुलाबी किंवा हिरव्या रेघा उमटतात.

आता आपली भूमी पाहा. निपाणी, चिकोडी, कोल्हापूर आणि बेळगावचा उत्तर भाग हा सर्व काळ्या पाषाणाचा प्रदेश. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून लाव्हारस थरावर थर पसरला आणि त्याचा हा काळा दगड झाला. पश्चिमेला खानापूरकडे आणि घाटमाथ्यावर तांबडा जांभा लागतो. तो खणताना कुऱ्हाडीने तासता येतो आणि वारा लागला की कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दगडाला जे इंग्रजी नाव दिले, तेही विटेच्या लॅटिन नावावरून, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो तो वालुकामय दगडाचा आहे. त्याच्याही पलीकडे कलादगी-बागलकोटकडे चुनखडी आहे. घराघरांतून आपण ज्याला पांढरा संगमरवर म्हणून ओळखतो, तो मात्र या टापूत नाही.

म्हणून आपल्या पूर्वजांनी संगमरवराचा हव्यास धरला नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ सालची, रट्टांच्या अमदानीतील. तिच्या मंडपाच्या छतातील कमळ ज्याने एकदा पाहिले आहे त्याला काळ्या दगडाची महती वेगळी सांगावयास नको. उत्तर चालुक्यांच्या काळापासून या भागातील कारागिरांनी हिरवट काळसर असा एक मऊ दगड हाताशी धरला. खाणीतून काढला तेव्हा तो इतका मऊ असतो की चरकावर फिरवून त्याचे खांब गुळगुळीत करता येतात. कमल बस्तीचे खांब त्याच कारागिरीच्या परंपरेतले. कृष्णाकाठचे खिद्रापूर निपाणीहून फार दूर नाही. तेथील कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचे ४८ खांब आणि छताचा गोल मोकळा झरोका पाहताना आपण नक्षीकडे पाहतो. पण जरा खाली पाहावे. नदीकाठची ती गाळाची जमीन; अशा मातीत एवढ्या शिळा सापडत नाहीत. त्या कोणीतरी ओढून आणल्या. नक्षी करणाऱ्याचे कौतुक आपण हजार वेळा केले, ओढणाऱ्याचे एकदाही केले नाही.

कोल्हापूरचा नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात मेजर मॅन्ट या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणे उभा राहिला. तोही काळ्या घडीव दगडाचाच. संस्थानच्या खजिन्याला संगमरवर परवडला नसता असे नाही. परंतु इमारतीला लागणारा दगड जवळचाच घ्यावयाचा, हा शहाणपणाचा दंडक होता आणि त्यामागे साधा हिशोब होता. तो हिशोब मुलांनीही करून पाहावा.

एक घनफूट संगमरवराचे वजन सुमारे ७६ किलो भरते. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि तीन फूट उंच अशी मध्यम शिळा घेतली तर ती ७२ घनफूट, म्हणजे साडेपाच टनांची झाली. चांगल्या रस्त्यावर एक बैलगाडी फार तर टनभर ओझे नेते. तेव्हा ही एक शिळा साध्या गाडीचे काम नव्हे. तिच्यासाठी वेगळा गाडा, अनेक बैलजोड्या, आणि ओढ्या-नाल्यावर अगोदर भक्कम करून ठेवलेली वाट हवी. रस्त्याचा प्रत्येक कोस दगडाच्या किमतीत भर घालीत जातो. खाणीजवळ मातीमोल असलेला दगड शंभर कोसांवर राजाच्याच ऐपतीचा का होतो, ते यावरून समजेल.

ही ओढाताण आपल्याकडे कोणी केली? मुख्यत्वे वडार समाजाने. जुन्या नोंदींत त्यांचे तीन भाग सांगितले आहेत. गाडी वडार दगड काढून आपल्या गाड्यांवरून वाहून नेत. माती वडार विहिरी, तळी, बांध खणीत. जाते वडार किंवा पाथरवट जाती, पाटे-वरवंटे घडवीत. गाडी वडारांची गाडी ठेंगणी, आणि तिची चाके आऱ्यांची नसून भरीव लाकडी असत. हे अडाणीपणाचे लक्षण नव्हते. गाडी जितकी जमिनीलगत, तितकी शिळा कमी उचलावी लागते. आणि भरीव चाक अवजड ओझ्याखाली मोडत नाही. पहार, घण, छिन्नी, पाचर आणि लाकडी रूळ एवढ्या हत्यारांवर त्यांनी या भागातील विहिरी, पूल, सडका आणि धरणे यांचा दगड पुरविला. घणाच्या ठोक्याला दगड खणखणीत वाजला तर तो अखंड, बद वाजला तर आत चीर, ही परीक्षा त्यांच्या पोरांनाही येई. दगडाची शीर ओळखून ओळीने भोके पाडावयाची, त्यांत पाचरी ठोकावयाच्या आणि एकामागून एक सारख्या दाबाने घाव घालीत जावयाचे. मग दगड आपण होऊन सरळ रेषेत उकलतो. कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकून त्यांवर पाणी सोडले की लाकूड फुगून दगड फोडते, ही युक्तीही जगभर जुनी आहे. जात्याला टाकी लावून देणारी बाई दारावरून हाक देत जाई, ती ज्यांनी ऐकली आहे अशी मंडळी आपल्या ट्रस्टमध्ये अजून आहेत.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच समाजाची गणना महाराष्ट्रात विमुक्त जातींत होते आणि कर्नाटकात तोच समाज भोवी, वड्डर या नावांनी अनुसूचित जातींच्या यादीत आहे. निपाणीहून कागलला जाण्यास अर्धा तास पुरतो. पण तेवढ्या वाटेवर एकाच कुळातल्या दोन भावांच्या मुलांना शाळेच्या दाखल्यासाठी दोन वेगळे कागद काढावे लागतात. आपल्या शिष्यवृत्ती समितीने ही अडचण ध्यानात ठेवावी.

आता संगमरवराच्या मूळ प्रदेशाकडे वळू. भारतात त्याचे माहेर म्हणजे राजस्थान आणि त्याला लागून असलेला गुजरातचा भाग. अबूच्या पहाडावरील विमलशाहाचे देलवाडा मंदिर १०३१ सालचे. त्याचा पांढरा दगड अंबाजीजवळच्या आरासूर डोंगरातील. अंतर फार नव्हे, पण चढण अवघड. त्याहून प्रसिद्ध खाण मकराण्याची. १६३२ साली आग्र्याला ताजमहालाचे काम सुरू झाले तेव्हा सुमारे चारशे किलोमीटरवरून तेथला दगड नेण्यात आला. शहाजहानने अंबरचा राजा जयसिंग यास त्या काळात पाठविलेली फर्माने उपलब्ध आहेत. ती वाचली म्हणजे बादशहालाही दगड नुसत्या हुकमाने मिळत नव्हता असे दिसते. खाणीवर पाथरवट पुरवावेत, भाड्याच्या गाड्या मिळवून द्याव्यात, खर्च सरकारी खजिन्यातून मिळेल, असा त्यांतील मजकूर आहे. १६३७ च्या फर्मानात तर तक्रारीचा सूर आहे. राजाची माणसे पाथरवटांना अंबर आणि राजनगर येथे गुंतवून ठेवतात, म्हणून मकराण्यास माणसे कमी पडतात, त्यांना सोडावे, असे बादशहा कळवितो. जगातील सर्वांत संपन्न दरबार गाडीवान आणि टाकी चालविणारा हात यांच्यासाठी अडून बसला होता. पुढे कलकत्त्याचे व्हिक्टोरिया स्मारक (१९०६ ते १९२१) याच दगडाचे झाले. २०१९ साली भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मकराण्याच्या दगडाला जागतिक वारसा-पाषाणाचा मान दिला.

इटलीतील करारा या गावाची कथाही थोडक्यात सांगण्यासारखी आहे. तेथील डोंगर रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी खणावयास घेतले. डोंगर इतका उभा की शिळा खाली आणणे हेच मुख्य संकट. तेथील मजूर शिळांची मोळी लाकडी घसरगाडीवर बांधीत, जाड दोर खुंटांना वेढे देऊन हळूहळू सैल सोडीत आणि पुढे साबण लावलेले ओंडके टाकीत जात. ओंडके टाकणारा माणूस नेहमी शिळेच्या पुढे असे. दोर तुटला की त्याला पळावयास जागा नसे. मायकेल अँजेलो या थोर शिल्पकाराला पोपने १५१८ च्या सुमारास नव्या खाणीवरून दगड आणावयास पाठविले, तेव्हा त्याला छिन्नी बाजूला ठेवून आधी रस्ता बांधून घ्यावा लागला. त्यात त्याची वर्षे गेली आणि १५२० साली ते मूळ कामच रद्द झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे तारेची करवत आली. पीळदार पोलादी तार, वाळू आणि पाणी यांनी डोंगर कापला जाऊ लागला. त्यापूर्वी सुरुंगाने फोडताना निम्म्याहून अधिक दगड चुरा होऊन वाया जाई. १८७६ पासून तेथे खास संगमरवरासाठी बांधलेली रेल्वे धावू लागली. मोटार-ट्रकांपुढे टिकाव न लागून ती १९६४ साली बंद पडली.

आपल्याकडेही दगडाची वाट पालटली ती रेल्वेनेच. मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापूर, शहाबाद, वाडी असा करीत १८७१ साली रायचूरला भिडला. शहाबादच्या आसपास चुनखडीचे सपाट थर आहेत. पहारीने उचलले तर पाटीसारखे सुटतात. ही फरशी वाघिणींतून मुंबई-पुण्याकडे जाऊ लागली, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीच्या जागी मध्यमवर्गाच्या घरात शहाबादी आली. गावाचे नाव दगडाला चिकटले ते कायमचे. स्वयंपाकघरातील ओट्याचा काळा कडप्पा त्याच मार्गाने आंध्रातून आला. हे दोन्ही दगड चुनखडीचेच, म्हणजे संगमरवराची न शिजलेली भावंडे. वडीलधारी मंडळी शहाबादीची बाजू घेतात तेव्हा ती संगमरवराच्या सख्ख्या नातेवाइकाचीच बाजू घेत असतात!

बेळगावला सदर्न मराठा रेल्वे आली ती त्याच शतकाच्या अखेरीस; पण ती मीटर गेज. निपाणीला तर रेल्वे कधी आलीच नाही. म्हणून जड दगड कोल्हापूर किंवा बेळगावकडे उतरवून पुढे गाडीनेच आणावा लागे. त्या दिवसांत संगमरवर आपल्याकडे आला तो मुख्यतः देवाच्या रूपाने. जयपूरच्या मूर्तिकारांनी घडविलेल्या दत्ताच्या, राम-सीतेच्या आणि तीर्थंकरांच्या मूर्ती पेंढ्यात गुंडाळून लाकडी पेट्यांतून येत. घराच्या जमिनीवर तो प्रथम आला तो चुऱ्याच्या रूपाने, मोझेक फरशीतील चिपा म्हणून. खाणीवरचा टाकाऊ तुकडा सिमेंटात बसून दिवाणखान्यात मिरवू लागला. मला हा शोध फार हिशेबी वाटतो आणि त्याची आजची उपेक्षा अनाठायी वाटते.

या परिसरात मोठ्या प्रमाणावर संगमरवर पाहावयाचा असेल तर हातकणंगले तालुक्यातील कुंभोजच्या बाहुबली क्षेत्री जावे. तेथे १९६३ साली भगवान बाहुबलींची २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती प्रतिष्ठापित झाली. बाहुबलीच्या मूर्तींचा इतिहास हा एका परीने दगडाच्या वाहतुकीचाच इतिहास आहे. श्रवणबेळगोळची सुमारे ५७ फुटांची मूर्ती, जिच्या पायथ्याशी चामुंडरायाचा मराठी लेख आहे, ती दहाव्या शतकाच्या अखेरची. तेथे कारागिरांनी वाहतुकीचा प्रश्नच मिटविला. डोंगराच्या माथ्यावरचा खडक जागच्या जागी कोरला. कारकळची १४३२ सालची मूर्ती मात्र घडवून मग अनेक चाकांच्या गाड्यावरून टेकडीवर चढविली, असे तिच्यावरील जुन्या कानडी काव्यात वर्णन आहे. आणि १९८२ साली धर्मस्थळी प्रतिष्ठा झालेली ३९ फुटांची मूर्ती कारकळला घडवून ६४ चाकांच्या खास गाडीवरून नेण्यात आली. तिचे वजन सुमारे १७० टन. साडेपाचशे वर्षांत चाके वाढली, एवढेच म्हणावयाचे की काय!

आज मकराणा आणि आसपासच्या खाणींतून हिऱ्याचे कण बसविलेली तार शिळा कापते आणि क्रेन ती उचलते. किशनगडच्या कारखान्यांत एकाच वेळी अनेक पाती चालवून तिच्या लाद्या पाडतात. तेथून ट्रक निघतो तो अजमेर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, कोल्हापूर अशी चौदा-पंधराशे किलोमीटरची मजल मारून पुणे-बंगलोर रस्त्याने निपाणीत येतो. ज्या गावाला रेल्वे मिळाली नाही त्याला महामार्गाने हा दगड दारात आणून दिला. आपले सभागृह दोन हजार चौरस फुटांचे धरले आणि लादी २० मिलिमीटर जाडीची घेतली, तर एकंदर वजन दहा टनांच्या घरात जाईल. शहाजहानच्या काळी ज्यासाठी दरबार हलला असता, ते काम आज एका ट्रकचे आहे.

परंतु या स्वस्ताईची किंमत कोणीतरी देत असते. लाद्या कापताना निघणारा पांढरा राळा किशनगडजवळ साठून त्याचे बर्फासारखे डोंगर झाले आहेत. लोक तेथे सहलीला जातात, छायाचित्रे काढतात. त्याहून गंभीर बाब धुळीची. वाळूचा दगड, ग्रॅनाइट आणि कृत्रिम क्वार्ट्‌झची फरशी यांच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर पूर्ण बरे करणारे औषध नाही. राजस्थान सरकारने २०१९ साली या रोगाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र धोरण आखले. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून कृत्रिम क्वार्ट्‌झच्या लाद्यांवर बंदीच घातली. शुद्ध संगमरवरात सिलिका अल्प असते, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल. परंतु फरशी कोणतीही असो, आपल्या आवारात ती कापली जाणार असेल तर पाणी सोडूनच कापावी आणि कारागिराच्या नाकातोंडाला योग्य मुखपट्टी असावी, अशी अट कंत्राटात घालावी, ही माझी कार्यकारिणीस आग्रहाची सूचना आहे. खर्च किरकोळ आहे.

मग फरशी कोणती? माझे मत असे. गाभाऱ्यास किंवा देव्हाऱ्यास आणि देणगीदारांच्या नामफलकास संगमरवर घ्यावा. तेथे त्याची झळाळी शोभते आणि वावर कमी. जेथे पंक्ती बसतात तेथे तो नको. संगमरवर आम्लाला भितो. लिंबू, चिंच, सोलकढी, ताक यांतले काहीही सांडून तासभर राहिले तर झिलई जाऊन डाग कायमचा उमटतो. हळद आणि तेल तर आतच मुरतात. ओल्या संगमरवरावर पाय घसरतो, हेही आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या दृष्टीने लहान कारण नव्हे. शहाबादीही चुनखडीच असल्याने तिच्यावर आम्लाचा परिणाम होतोच. फक्त ती करडी आणि खरबरीत असल्यामुळे तो दिसत नाही. अधिक टिकाऊ हवे असेल तर बागलकोट जिल्ह्यातील इलकलचा तांबूस ग्रॅनाइट आहे. साडीसाठी आपण ते गाव ओळखतो. दगडही तितकाच पक्का आणि वाटेचा खर्च राजस्थानच्या मानाने पुष्कळ कमी.

व्यापारी नमुना घेऊन येतील तेव्हा त्याच्या न घासलेल्या बाजूवर लिंबाच्या रसाचे किंवा शिरक्याचे दोन थेंब टाकून बारकाईने पाहावे. बारीक बुडबुडे आले तर दगड चुनखडीच्या कुळातला. काहीच न झाले तर तो बहुधा दुसऱ्या जातीचा, मग त्याला दुकानात कोणत्याही नावाने हाक मारोत. दोन नमुने रात्रभर हळदीच्या पाण्याखाली ठेवावेत आणि सकाळी साबणाने धुऊन पाहावेत. हे काम ट्रस्टच्या शाळेतील नववी-दहावीच्या मुलांकडे सोपविले तर त्यांचा विज्ञानाचा एक तास सत्कारणी लागेल आणि सभेपुढे अहवालही तयार मिळेल.